गोधडीचं अस्तर कसं जोडायचं: धुण्यापासून अंथरण्यापर्यंत, आणि नेहमी होणाऱ्या चुका

गोधडी शिवून झाली की एक कोपरा लांब, एक आखूड, मध्ये फुगा आणि मागे चुण्या, असे फोटो मला अधूनमधून येत असतात आणि सोबतचा प्रश्न ठरलेला, माझे टाके कुठे चुकले? टाके बहुतेक वेळा ठीकच असतात हो. चूक त्याच्या बरीच आधी झालेली असते, अस्तर जोडताना. वरच्या बाजूवर आपण महिना महिना घालवतो, तुकडे लावून बघतो, रंग जुळवतो, आणि मागच्या बाजूला मात्र "एक जुनी साडी दोन भाग करून जोडली की झालं" म्हणून दुपारच्या तासाभरात उरकून टाकतो.

इथे फक्त अस्तराबद्दल लिहितेय. हाताने धावदोऱ्यात शिवायची सुती गोधडी, मागे जुन्या साड्या किंवा नवीन मांजरपाट, असं धरून चाला. वरची बाजू पूर्ण तयार असेल तरच पुढे जा, कारण तुकडे जोडता जोडता वरची बाजू ठरवल्यापेक्षा दोन-तीन इंच इकडे तिकडे होतेच, आणि कागदावरच्या मापाने कापलेलं अस्तर मग कमी पडतं.

१. कापड तपासा, प्रेमात पडू नका

आईची साडी, आजीचं लुगडं, सगळं मान्य. पण अस्तराला सगळ्यात जास्त घासायचं असतं, गादीवर, सतरंजीवर, धुताना दगडावर. त्यामुळे विरलेली साडी आतल्या थरात घाला, अस्तराला नको.

साडी उजेडासमोर धरा. जिथे उजेड जास्त येतो तिथे कापड विरलंय. साधारण बसायच्या जागी आणि निऱ्यांच्या खालच्या कडेला हे असतंच, पदराच्या आतला भाग आणि कमरेला खोचलेला पहिला वेढा बऱ्यापैकी शाबूत राहतो. माझी आत्या उजेडात वगैरे बघत नाही, ती दोन्ही अंगठ्यांमध्ये चार बोटं कापड धरून कानाजवळ नेते आणि झटका देते. चांगलं कापड टप्प वाजतं, कुजलेलं चर्र करतं. "ऐकलंस? रडतंय ते, ठेव बाजूला," एवढंच बोलते आणि पुढची साडी उचलते. मी आता तेच करते, प्रत्येक हातभर अंतरावर, उभं आणि आडवं दोन्हीकडून.

दुसरं, अस्तराला वापरायच्या सगळ्या साड्या साधारण एकाच जाडीच्या घ्या. एक मऊ मलमलसारखी आणि एक जाड हातमागाची अशी जोडी लावली की पातळ बाजू ओढली जाते आणि जोडाच्या रेघेवर कायमच्या चुण्या राहतात. रंग वेगळे चालतील, जाडी वेगळी नको.

पॉलिएस्टर मिसळलेलं कापड टाळाच. ते घसरतं, सुईला बोटात जास्त जोर लागतो, आणि बाजूचं सुती आटलं तरी ते आटत नाही. शंका असेल तर कडेचा एक धागा काढून सिंकवर चिमट्यात धरून जाळून बघा. सुती धागा कागदासारखा जळून राख होते, पॉलिएस्टरचा वितळून कडक मणी होतो.

२. धुवा. नवीन असेल तर दोनदा

मांजरपाट दुकानातून आणून सरळ कापायला घेणारे लोक आहेत, मीही होते. त्यात खळ असते आणि ते आटतं. एक रात्र साध्या पाण्यात भिजत ठेवा, सकाळी पाणी पिवळट झालेलं दिसेल, ते टाका, मग गरम पाण्यात साबण घालून धुवा, वाळवा, आणि परत एकदा धुवा. आणल्याबरोबर लांबी मोजून कुठेतरी लिहून ठेवा आणि धुतल्यावर परत मोजा, म्हणजे किती गेलं ते कळेल. दुकानात म्हणून हिशोबापेक्षा अर्धा मीटर जास्तच मागायचं.

जुन्या साड्या आटायच्या तेवढ्या आटून झालेल्या असतात, त्यांचा प्रश्न रंगाचा. विशेषतः लाल, गडद निळा आणि काळा. पांढरा रुमाल ओला करून साडीवर ठेवा आणि वरून गरम इस्त्री दाबा. रुमालावर रंग उतरला तर ती साडी अस्तराला नको. मीठ घातलं की रंग पक्का होतो असं सगळे सांगतात, मी त्यावर विसंबत नाही, एकदा विसंबले होते आणि बाळाच्या पांढऱ्या गोधडीवर गुलाबी ढग उठले.

> चेक: कापड वाळलं की इस्त्री करून घडी न घालता काठीवर गुंडाळा किंवा दोरीवर टाकून ठेवा. घड्या पडलेल्या कापडाचं माप चुकतं.

३. माप आणि हिशोब (इथेच बहुतेक जण गडबडतात)

नियम एकच, अस्तर वरच्या बाजूपेक्षा चारही बाजूंनी ३ इंच मोठं. म्हणजे लांबीत ६ आणि रुंदीत ६. लोकांना हे वाया गेल्यासारखं वाटतं आणि ते वरच्या मापाइतकंच कापतात. पण हजारो टाके मारताना कापड थोडं थोडं आत ओढलं जातं, अंथरताना थोडं सरकतं, आणि शेवटी एका कडेला अस्तर संपलेलं असतं आणि वरची बाजू लोंबत असते. माझ्या पहिल्या गोधडीत एका कोपऱ्याला चार बोटं अस्तर कमी पडलं, आणि हे कळलं कधी, तर तीन महिने शिवून झाल्यावर.

आता खरं उदाहरण घेऊ. सिंगल बेडची गोधडी, वरची बाजू ६० बाय ९० इंच. अस्तर हवं ६६ बाय ९६. साधी साडी साडेपाच मीटर, म्हणजे २१६ इंच. माझ्याकडच्या साडीचा पन्हा, म्हणजे रुंदी, ४५ इंच होता, दोन्हीकडचे दोन-दोन इंच काठ काढले की उरला ४१. तुमचा पन्हा तुम्ही मोजा, माझा आकडा उचलू नका.

४१ मध्ये ६६ बसत नाही, म्हणजे जोड आलाच. बहुतेक जण काय करतात, दोन तुकडे शेजारी ठेवून बरोबर मध्ये जोडतात आणि दोन्हीकडून जास्तीचं कापतात. तसं करू नका. मधला जोड म्हणजे बरोबर पाठीखाली, आणि गोधडीची घडी पण बरोबर तिथेच पडते, वर्षभरात ती रेघ आधी विरते. त्यात कडेने गोल गोल आत शिवत जायची तुमच्याकडची पद्धत असेल तर कापडाचा सगळा झोळ मध्येच येऊन साठतो आणि तो नेमका जोडावर बसतो.

त्यापेक्षा मध्ये अख्खा पन्हा आणि दोन्ही बाजूंना पट्ट्या. शिलाईची माया, म्हणजे टिपेच्या बाहेर आत राहणारं कापड, प्रत्येक कडेला अर्धा इंच धरली तर एका जोडात १ इंच जातो, दोन जोडांत २. म्हणजे एकूण लागणारी रुंदी ६६ अधिक २, ६८. त्यातून मधला ४१ वजा केला, राहिले २७, अर्धे केले की प्रत्येक पट्टी साडेतेरा इंचांची. लांबी ९६ हवी, पण कापताना ९८ घ्या, टोकं नंतर सरळ करायला लागतात. ९८ इंचांचे दोन तुकडे, एक मधला आणि दुसऱ्यातून दोन्ही पट्ट्या, म्हणजे १९६, साडी २१६ ची. कागदावर एका साडीत बसलं. प्रत्यक्षात पदर आणि विरलेला भाग वगळला की एका साडीत क्वचितच निघतं, त्यामुळे दोन साड्या हाताशी ठेवा.

तयार गोधडीत हे जोड कडेपासून १० इंचांवर येतात. घडीच्या रेघा ३० आणि १५ वर पडतात, म्हणजे जोड घडीवर नाही.

डबल बेडला जरा वेगळा विचार करा. वरची बाजू ९० बाय १००, अस्तर ९६ बाय १०६. उभे तुकडे घेतले तर १०८ इंचांचे तीन लागतात, ३२४ इंच. नऊ वार लुगडं बरोबर ३२४ इंच असतं, म्हणजे अख्खं संपलं, एक बोटसुद्धा उरत नाही आणि विरलेला भाग टाळायला जागाच नाही. तेच तुकडे आडवे टाका, प्रत्येकी ९८ इंच, तीन मिळून २९४. सरळ ३० इंच वाचले. आडव्यात मधला पूर्ण ४१ आणि वर-खाली साडेतेहेतीस-साडेतेहेतीस इंचांचे, की उंची १०६ जुळते. म्हणून कापायच्या आधी दोन्ही बाजूंनी हिशोब करून बघायचा, पाच मिनिटांचं काम आहे.

बाळाची गोधडी असेल, समजा ३४ बाय ४२, तर अस्तर ४० बाय ४८ लागतं, ४१ च्या पन्ह्यात एका तुकड्यात निघतं. तिथे हौसेने जोड देऊ नका, बाळाच्या अंगाला शिवण लागते.

४. काठ काढा, मग सरळ करा

काठ ठेवून जोडायचा मोह होतो, कारण काठाची कड उसवत नाही. पण काठाची वीण अंगापेक्षा घट्ट असते, धुतल्यावर ती वेगळ्या प्रमाणात आटते आणि जोड आखडतो. जरीचा असेल तर टोचतोही. काठ काढून जपून ठेवा, शेवटी कड बांधायला तेच कामाला येतात. मांजरपाटाचीही दोन्हीकडची घट्ट किनार अर्धा इंच कापून टाकायची. फॉल लावलेली साडी असेल तर फॉल उसवून तिथली टाक्यांची भोकं बघा, ओळीने भोकं असतील तर तेवढी पट्टी बाद.

आता सरळ रेघ. नवीन कापड असेल तर कडेला छोटी चीर देऊन फाडा, सुती कापड आडव्या धाग्यात बरोबर सरळ फाटतं. जुनी साडी मात्र फाडू नका. ती सरळ फाटत नाही, कमजोर जागा सापडली की तिकडे वळते आणि हातात कोल्ह्याच्या शेपटीसारखा तुकडा येतो. तिथे धागा ओढायचा. कडेला छोटी चीर, एक आडवा धागा चिमटीत पकडून हळूहळू ओढा, कापडावर एक बारीक रेघ उमटते, त्या रेघेवरून कात्री चालवा. धागा मध्येच तुटतो, तुटू दे, जिथे तुटला तिथपर्यंत कापा आणि पुढचा धरा. वेळखाऊ आहे, पण याला पर्याय मला सापडला नाही.

छापील चौकटीवरून किंवा पट्ट्यांवरून कापू नका, छपाई धाग्याला तिरकी असणं अगदी नेहमीचं आहे. डोळ्याला सरळ दिसतं आणि कापड तिरकं जातं.

> सावधान: प्रत्येक तुकडा कापला की लगेच खडूने उलट बाजूवर एक बाण काढा, साडीच्या लांबीच्या दिशेने. सगळे बाण एकाच दिशेला ठेवून जोडायचे. लांबीचा उभा धागा कमी ताणला जातो, आडवा जास्त. एक तुकडा फिरवून लावला की तोच तुकडा दोन धुण्यांनंतर लोंबायला लागतो.

५. टाचा आणि टीप मारा

सुलट बाजू एकमेकांसमोर ठेवून दोन तुकडे जमिनीवर पसरा. टाचण्या टोकापासून लावत जाऊ नका. आधी दोन्ही तुकड्यांचा मध्य घडी घालून शोधा, मध्याला एक टाचणी, मग दोन टोकांना, मग अर्ध्याच्या अर्ध्यावर, असं करत चार बोटांवर एक. एका टोकाने सुरुवात केली की दुसऱ्या टोकाला दोन इंच कापड उरतं आणि मग आपण ते ताणून जुळवतो, आणि ते ताणलेलं कापड पुढे आयुष्यभर सूड घेतं.

मशीनवर खालचं कापड दातांनी पुढे ओढलं जातं आणि वरचं मागे राहतं. त्यामुळे थोडं जास्त वाटणारं, सैल कापड खाली ठेवा. सुई ११ किंवा १४ नंबरची, आणि टीप अशी की इंचात १० ते १२ टाके बसतील. फार बारीक टीप जुन्या कापडाला भोकं पाडून कापडच कापून टाकते. कापड ओढू नका, फक्त दिशा द्या, टाचण्या सुईजवळ आल्या की काढत जा.

माया अर्धा इंचच ठेवा. पाव इंच नव्या कापडाला कदाचित पुरेल, जुन्या साडीच्या कडा सुटतात आणि पाव इंच दोन धुण्यांत संपतो.

मशीन नसेल तर हाताने, पण इथे साधा धावदोरा नको. उलटी टीप घाला, म्हणजे सुई पुढे काढायची आणि अर्धा टाका मागे येऊन परत पुढे. दर हातभरावर एक छोटी गाठ, म्हणजे कुठे धागा तुटला तरी अख्खा जोड उसवणार नाही.

काही जण मजबुतीसाठी माया आत दुमडून दुहेरी टीप मारतात, पायजम्याला मारतात तशी. शर्टाला, पायजम्याला ठीक आहे, गोधडीत नको. तिथे कापडाचे चार थर होतात, त्यात आतल्या साड्या आणि वरचे तुकडे, हाताची सुई तिथून जातच नाही आणि बोट सुजतं ते वेगळंच.

६. इस्त्री

टीप मारली की लगेच, पुढचा जोड द्यायच्या आधी. आधी टीप आहे तशीच दाबा, मग उघडा. मशीनची टीप असेल तर माया दोन्हीकडे उघडून दाबा, म्हणजे जाडी वाटली जाते आणि सुई सहज जाते. हाताची टीप असेल तर दोन्ही माया एकाच बाजूला दाबा, कारण उघडलेल्या जोडात सगळा ताण नुसत्या धाग्यावर येतो आणि हाताचे टाके जरा विरळ असतातच.

इस्त्री दाबायची आणि उचलायची. कपड्यांवर फिरवतो तशी फिरवली की जोडाच्या बाजूचं कापड लाटेसारखं ताणलं जातं.

> चेक: जोडलेलं अस्तर उजेडासमोर धरा. जोडाच्या रेघेतून उजेडाचे ठिपके दिसले तर तिथे टीप सुटलीय. आत्ता पाच मिनिटांचं काम, गोधडी झाल्यावर ते ठिगळाचं काम.

७. चौकोन खरंच चौकोन आहे का

हा टप्पा जवळजवळ सगळे गाळतात. अस्तर जमिनीवर पसरा, घरात दोन फुटी टाईल असतील तर फारच सोपं, जोडाची रेघ टाईलच्या सांध्यावर ठेवा आणि टोकं दुसऱ्या सांध्यांवर येतात का बघा. मग कर्ण मोजा, समोरासमोरचे दोन कोपरे. शिंप्याचा टेप ६० इंचांचा असतो आणि ६६ बाय ९६ चा कर्ण ११६ च्या पुढे जातो, टेप दोनदा लावला की चूक होतेच. सुतळी घ्या. एक कर्ण सुतळीने मोजून गाठ मारा, तीच सुतळी दुसऱ्या कर्णाला लावा. बोटभर फरक चालतो. त्यापेक्षा जास्त असेल तर आखूड कर्णाचे दोन कोपरे दोघांनी धरून हळूच ओढा, शक्यतो पाणी शिंपडून, आणि परत मोजा. सुती कापड जागेवर येतं. नाहीच आलं तर एखादा जोड सरकलाय, तेवढाच उसवा.

आणि मोजल्यावर कमी भरलं तर? बरेच जण कडेला एक पट्टी लावतात. ती पट्टी शिवून झाल्यावर नेमकी गोधडीच्या कडेशी येते, जिथे आधीच काठ दुमडलेला असतो, आणि तिथे खडबडीत दांडा तयार होतो. त्याऐवजी अस्तर कडेपासून १०-१२ इंच आत कापा आणि पट्टी त्या मध्ये घाला. पट्टी कापताना लक्षात ठेवा, एका जोडाच्या जागी दोन झाले, म्हणजे जेवढं कमी पडतंय त्यापेक्षा २ इंच जास्त रुंद पट्टी लागेल.

८. अंथरणं

अस्तर उलट बाजू वर, सुलट बाजू जमिनीला. हसू नका, घाईत उलटं अंथरून अख्खी गोधडी शिवलेली माणसं मी पाहिली आहेत, माया बाहेर आणि नक्षी आत.

चारी कडांना मास्किंग टेप लावा किंवा पाट, डबे, पाटा-वरवंटा, जे जड असेल ते ठेवा. आधी समोरासमोरच्या दोन बाजूंचे मध्य, मग उरलेल्या दोन, कोपरे शेवटी. कापड सपाट हवं, तंग नको. तळहात फिरवला की पुढे सुरकुती पळायला नको, पण टेप काढल्यावर कापड आखडायलाही नको. तंग ताणलेलं अस्तर वजन काढल्याबरोबर परत आकसतं आणि वरची बाजू फुगते, आणि आपण म्हणतो टाके चुकले.

मग आतले थर, मग वरची बाजू. वरच्या बाजूच्या चारी कडांना अस्तर ३ इंच दिसतंय का ते फिरून बघा, एकीकडे ५ आणि एकीकडे १ असेल तर आत्ताच सगळं उचलून सरकवा. अस्तराचा जोड आणि वरच्या बाजूचा मोठा जोड एकावर एक आले असतील तर दोन बोटं बाजूला घ्या. नंतर मध्यापासून बाहेर कच्चे टाके, वीतभर अंतरावर, उभे आणि आडवे. कच्च्या टाक्यांच्या जागी सेफ्टी पिना चालतात, पण जुन्या साडीला पिनेची भोकं दिसतात. मी दोराच घालते.

उचलायच्या आधी एकदा उलटवून मागे बघाच. दोघं लागतात, दोन-दोन कोपरे धरून. मागे चुणी दिसली तर तेवढ्या भागाचे कच्चे टाके काढून परत घाला, कारण धावदोऱ्याखाली गेलेली चुणी नंतर कुठल्याच इस्त्रीला दाद देत नाही.

९. उरलेल्या तीन इंचांचं काय

शिवताना ते कापू नका, मांडीवर घेताना तेवढी कड हाताला धरायला बरी पडते. सगळे टाके झाले की आतले थर आणि वरची बाजू एका रेघेत छाटा, अस्तर मात्र दीड इंच बाहेर ठेवा, त्यातलं पाऊण इंच आत दुमडा आणि परत दुमडून वरच्या बाजूवर आणून बारीक टाक्यांनी बसवा. कोपऱ्यावर आधी टोक आत दुमडा, मग एक बाजू, मग दुसरी. अस्तर विरळ वाटलं तर पूर्ण छाटून टाका आणि चौथ्या टप्प्यात काढून ठेवलेला काठ कडेला लावा, जरीचा नसेल तर.